लायब्ररीत इमिग्रंट लोकांचे कार्यक्रम : हे सुरू कुठून झालं

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या पब्लिक लायब्ररीचं कॅलेंडर बघा, अमुक देशातून आलेल्यांच्या आठवणी, तमुक समाजाचं नवं वर्ष, दोन भाषांतला गोष्टींचा तास, आणि मग वाटतं की हे हल्लीचंच फॅड असणार. तसं नाहीये. शंभर वर्षांहून जुनं प्रकरण आहे, फक्त सुरुवातीला हेतू जवळजवळ उलटा होता.

१८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर इमिग्रेशन स्टेशन उघडलं आणि १९५४ ला बंद होईपर्यंत तिथून साधारण १ कोटी २० लाख माणसं आत आली, इटालियन, पोलिश, पूर्व युरोपातले ज्यू असे कितीतरी. त्याच काळात पोलादाच्या धंद्यातला धनाढ्य अँड्र्यू कार्नेगीने १९०१ मध्ये न्यूयॉर्कला शाखा बांधायला ५२ लाख डॉलर दिले, त्यामुळे लायब्ररी थेट वस्त्यांमध्ये जाऊन पोचली. लोअर ईस्ट साइड या इमिग्रंट वस्तीतल्या सिवर्ड पार्क शाखेची १९०९ ची इमारत याच पैशातली, तिथे तर गच्चीवर बसूनही वाचायची सोय होती.

पण तेव्हाचे कार्यक्रम म्हणजे काय, तर इंग्रजीचे वर्ग, नागरिकत्वाची तयारी, अमेरिका कशी थोर यावर लेक्चर. शब्दच होता अमेरिकनायझेशन, म्हणजे आलेल्याला अमेरिकन बनवणं! नवीन आलेल्याने ऐकायचं, बोलायचं नाही. काही लायब्रेरियन त्यांच्या भाषेतली पुस्तकं आवर्जून ठेवायच्या हे खरं, पण पहिल्या महायुद्धात हवा अशी फिरली की कित्येक ठिकाणी जर्मन पुस्तकं शेल्फवरनं काढून टाकली गेली. १९२४ च्या कायद्याने तर देशवार कोटे लावून येणाऱ्यांची संख्याच आवळली.

खरा बदल मला दिसतो तो न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात, १३५ व्या स्ट्रीटच्या शाखेत. अर्नेस्टीन रोझ ही तिथली प्रमुख, आधी सिवर्ड पार्कला काम केलेली. १९२१ मध्ये पुरा बेल्प्रे तिथे नोकरीला लागली, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतली पहिली पोर्तो रिकन लायब्रेरियन. (पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट, तिथले लोक १९१७ पासून कायद्याने अमेरिकन नागरिकच, पण न्यूयॉर्कात त्यांना परकंच धरायचे.) लहानपणी ऐकलेल्या गोष्टी तिला लायब्ररीच्या पुस्तकांत सापडेनात, मग ती त्या स्वतःच सांगायला लागली, पुढे ११५ व्या स्ट्रीटच्या शाखेत स्पॅनिश आणि इंग्रजीत, बाहुल्या घेऊन, आणि ६ जानेवारीचा तीन राजांचा ख्रिस्ती सण चक्क लायब्ररीत साजरा व्हायला लागला. आता हे साधं वाटतं, पण त्या मुलांच्या आया पहिल्यांदा आपल्या भाषेतलं काही ऐकायला तिथे येत होत्या. इकडे १३५ व्या स्ट्रीटवर १९२६ मध्ये आर्तुरो शोमबर्गने जमवलेला काळ्या लोकांच्या इतिहासाचा संग्रह आला, कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलरला घेऊन दिलेला. शोमबर्गही पोर्तो रिकोचाच.

मग बरीच वर्षं तसं थंडच. १९६५ च्या कायद्याने ते जुने कोटे मोडीत काढले आणि आशिया, लॅटिन अमेरिकेतून माणसं यायला लागली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात हे खूप जाणवलं, तिथल्या लायब्ररीने १९७७ मध्ये न्यू अमेरिकन्स प्रोग्रॅम सुरू केला, इंग्रजी आणि कायद्याच्या माहितीसोबत त्या त्या समाजाच्या भाषेतली पुस्तकं आणि कलांचे कार्यक्रम.

एक खटकतं. पुष्कळ ठिकाणी अजून गाडी नाच, वेशभूषा आणि खाणं यापुढे जात नाही, कारण ते ठेवायला सोपं आणि त्यावरून कुणी भांडत नाही. घर का सोडलं, कागदपत्रं मिळेपर्यंत काय हाल झाले, हे विचारायला आयोजक बिचकतात. म्हणून डेन्मार्कमधून २००० साली निघालेली ह्यूमन लायब्ररीची कल्पना मला जास्त पटते, तिथे पुस्तकाऐवजी माणूस वाचायला घ्यायचा, समोर बसून थेट प्रश्न विचारायचे. आणि क्वीन्सचा २०१० चा क्वीन्स मेमरी प्रोजेक्टही, ज्यात रहिवासी आपापल्या शेजाऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करतात आणि त्या लायब्ररीच्या संग्रहात जातात.