बेळगाव सीमाभागातील क्लब क्रिकेट लीग : श्रेणीरचना, बढती आणि घसरण

क्लब संघांची श्रेण्यांत विभागणी करून हंगामाअखेर वरच्या श्रेणीतले तळाचे संघ खाली आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ वर नेण्याची पद्धत. कर्नाटकातील बेळगाव जिल्हा व लगतच्या मराठी भाषक पट्ट्यात सीझन बॉलचे (चामड्याच्या कठीण चेंडूचे) क्लब क्रिकेट याच पद्धतीने चालते. बाद पद्धतीच्या टेनिस बॉल स्पर्धा, तसेच लिलावावर चालणारी कर्नाटकची फ्रँचायझी लीग यांत बढती-घसरण नसते. त्यामुळे त्या या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

प्रशासकीय चौकट

कर्नाटक राज्य क्रिकेट संघटना (केएससीए) १९३३ साली म्हैसूर राज्य क्रिकेट संघटना म्हणून स्थापन झाली. बेंगळुरू शहराची लीग स्वतंत्र आहे. राज्याचा उरलेला भाग विभागांत वाटलेला असून बेळगाव धारवाड विभागात येते. म्हणून बेळगावच्या क्लबचे लीगमधले प्रतिस्पर्धी बहुधा हुबळी-धारवाडचे असतात, कोल्हापूरचे नव्हेत. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटरवर, तर हुबळी पावणेदोनशेच्या आसपास. तरीही निपाणीच्या क्लबला खेळायला जायचे ते हुबळीकडे, आणि साडेनऊच्या सामन्यासाठी पहाटेच गाडी काढायची. तळाच्या संघांचे अकरा भरत नाहीत, याचे एक कारण हा प्रवास आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. परिणामी बेळगावपासून जवळच असलेले शिनोळी क्रिकेटच्या हिशेबात महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत आहे. तिथला मुलगा बेळगावच्या कॉलेजात शिकत असेल, तर नोंदणी अर्जावर पत्ता कुठला आणि शिक्षणाचा दाखला कुठला, हे क्लबच्या सेक्रेटरीने आधीच पाहून घ्यायला हवे. दोन राज्य संघटनांकडे एकाच हंगामात नोंद चालत नाही. बदल करायचा तर आधीच्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागते. अपात्र खेळाडू उतरवल्यास जिंकलेला सामनाही गमवावा लागतो, आणि घसरणीच्या काठावरच्या संघाला एवढे पुरते.

रविवारांचा हिशेब

श्रेणी किती संघांची असावी हे क्रिकेटपेक्षा पाऊस आणि मैदाने ठरवतात. जून ते सप्टेंबर बेळगावात सीझन बॉलचा विचारही करता येत नाही. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सुमारे ३५ रविवार मिळतात. त्यातून दसरा-दिवाळी, परीक्षा, लग्नसराई आणि निवडणुकीसाठी अडकलेली शाळांची मैदाने वजा करायची. एप्रिलपासून दुपारनंतर वळीव येतो, त्यामुळे दुसरा डाव अर्ध्यावर राहण्याचा धोका वाढतो.

आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर २८ सामने होतात. दर रविवारी दोन मैदाने मिळाली तर १४ रविवार लागतात, म्हणजे बेत बसतो. बारा संघांचे ६६ सामने होतात, त्यांना ३३ रविवार हवेत, आणि तेवढे कोणत्याच वर्षी हाती लागत नाहीत. म्हणून खालच्या श्रेणीत सहा-सहाचे दोन गट करतात. सामने ३० वर येतात, पण गट सोपा की अवघड हा वाद कायमचा चिकटतो. चिठ्ठ्या टाकण्याऐवजी मागील हंगामाच्या क्रमाने वाटणी केली तर वाद कमी होतो : पहिला अ गटात, दुसरा-तिसरा ब गटात, चौथा-पाचवा पुन्हा अ गटात, असे पुढे. चिठ्ठीने तीन बलाढ्य संघ एका गटात येऊ शकतात, आणि मग दुसऱ्या गटातला मध्यम संघ वर जाऊन पुढच्याच वर्षी खाली येतो.

वर जितके तितकेच खाली, हे मूळ सूत्र. दोन गटविजेते वर गेले तर वरच्या श्रेणीतले शेवटचे दोन खाली येतात. वरची श्रेणी लहान करायची ठरली तर त्या वर्षी जादा संघ खाली येतात. हा निर्णय हंगाम सुरू होण्यापूर्वी कळवलेला नसेल तर तक्रार होणारच. एका क्लबचे दोन संघ एकाच श्रेणीत ठेवायचे नसतील, तर दुसऱ्या संघाने गट जिंकूनही त्याला वर नेता येत नाही आणि उपविजेत्याला संधी मिळते. हा नियम अनेकांना सामने संपल्यावरच आठवतो.

गुण आणि निव्वळ धावगती

मर्यादित षटकांच्या लीगमध्ये विजयाला २, बरोबरीला किंवा पावसाने रद्द झालेल्या सामन्याला १ गुण ही रूढ वाटणी आहे. गुण सारखे झाले की परस्पर लढत किंवा निव्वळ धावगती (केलेल्या धावांच्या षटकामागील गतीतून दिलेल्या धावांची गती वजा करून येणारा आकडा) पाहतात. कोणती आधी, हे परिपत्रकात लिहिलेले असते.

धावगती मोजताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. समजा, ५० षटकांच्या सामन्यात एका संघाने ५० षटकांत २१० केल्या आणि प्रतिस्पर्ध्याला ३८ षटकांत १६० धावांवर गुंडाळले. पुढच्या सामन्यात तो स्वतः ४१ षटकांत १५० धावांत बाद झाला आणि समोरच्याने ३०.३ षटकांत १५१ काढल्या. सर्वबाद संघाची पूर्ण ५० षटके धरतात. म्हणून केलेल्या धावा ३६०, षटके १००, गती ३.६०. दिलेल्या धावा ३११. षटके मात्र ८०.३ नव्हेत तर ८०.५, कारण तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक. गती ३.८६३, निव्वळ धावगती उणे ०.२६३. ३०.३ हा आकडा तसाच कॅल्क्युलेटरवर दाबला तर उणे ०.२७३ येते, आणि शेवटचे स्थान एवढ्याशा फरकावरही ठरू शकते. दुसरी चूक दोन सामन्यांच्या गती वेगवेगळ्या काढून सरासरी घेण्याची. तसे केल्यास इथे उणे ०.४७५ येते, जे साफ चुकीचे आहे. हंगामाच्या एकूण धावांना एकूण षटकांनी भागायचे असते.

या उदाहरणात ५० धावांनी जिंकलेला संघ एका पराभवाने उण्यात गेला. सामना हातचा गेला तरी समोरच्याला ३० ऐवजी ४५ षटके खेळायला लावणे म्हणूनच मोलाचे असते. मार्चनंतर तळाचे कर्णधार क्षेत्ररक्षण पसरवून एकेरी धावा देत बसतात ते यासाठीच. प्रेक्षकांना ते रटाळ वाटते, पण हिशेब बरोबर असतो.

वॉकओव्हर

लीगचे सर्वाधिक नुकसान पावसाने नव्हे, वॉकओव्हरने, म्हणजे एक संघ न आल्याने दुसऱ्याला मिळणाऱ्या विजयाने, होते. बढतीची आशा संपलेला संघ शेवटच्या फेरीत हुबळीला जायचे टाळतो; समोरच्याला फुकटचे दोन गुण मिळतात आणि तिसऱ्याच संघाचे गणित बिघडते. अशा सामन्याची धावगती धरत नाहीत. संघाने मध्येच लीग सोडली तर प्रश्न आणखी अवघड होतो. आठांच्या गटातला एक संघ चार सामने खेळून बाहेर पडला. तिघांकडून हरला, एकाला त्याने हरवले. झालेले निकाल कायम ठेवले तर राहिलेल्या तिघांना न खेळता गुण मिळतात आणि त्याच्याकडून हरलेला एकटा मागे पडतो. सगळे निकाल रद्द केले तर जिंकलेल्या तिघांचे दोन-दोन गुण जातात. दुसरा मार्ग अधिक न्याय्य, कारण त्यात उरलेल्या सर्वांचे सामने सारखे होतात. मात्र नियम हंगामाआधी लिहिलेला हवा. नंतर घेतलेला कोणताही निर्णय कुणाच्या तरी बाजूचा दिसतोच.

मॅट आणि टर्फ

बेळगावातील ऑटोनगरच्या केएससीए स्टेडियमवर टर्फ (माती-गवताची) खेळपट्टी आहे. २०१९ मध्ये तिथे भारत अ आणि श्रीलंका अ संघांचे सामने झाले. लहान मैदानांवर मात्र मुरमाच्या पक्क्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरून खेळण्याची जुनी चाल आहे. क्रिकेटच्या नियमांनुसार कृत्रिम खेळपट्टी किमान ५८ फूट लांब आणि ६ फूट रुंद असावी लागते. मॅट चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकतात. सकाळी ताठ असलेली मॅट उन्हाने आणि पळापळीने दुपारपर्यंत सैल पडते. खाली फुगवटा राहिला तर एक चेंडू हनुवटीपर्यंत उसळतो आणि पुढचा घोट्याला लागतो. दोन डावांच्या मध्ये खिळे पुन्हा आवळणे हे पंचांनी बघायचे काम आहे, पण नाणेफेक हरलेल्या कर्णधाराने आठवण केलेली बरी. मॅटवर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, आणि चेंडूची लकाकी लवकर जाते.

याचा बढतीशी थेट संबंध आहे. मॅटवर चेंडू हमखास उसळतो आणि पकड घेऊन वळतो, म्हणून खालच्या श्रेणीत फिरकी गोलंदाज ढिगाने बळी घेतात आणि फलंदाज बॅकफूटवर कट मारून धावा जमवतात. वर गेल्यावर टर्फवर तोच चेंडू खाली राहतो. कट मारायला गेलेला पायचीत होतो, आणि मॅटवर वळणारा चेंडू सरळ जातो. बढती मिळालेल्या संघाने नेटसाठी आठवड्यातून एक दिवस तरी टर्फ मिळवावी. भाडे परवडत नसेल तर दुसऱ्या क्लबबरोबर वाटून घ्यावे.

घसरणीनंतर

खाली आलेल्या संघाची खरी परीक्षा पुढच्या नोंदणीच्या वेळी होते. विभागीय निवडीसाठी वरच्या श्रेणीतली कामगिरी लक्षात घेतली जात असल्याने चांगले खेळाडू सोडचिठ्ठी (क्लब बदलण्याची लेखी परवानगी) मागतात. बेळगावचा वेगवान गोलंदाज रोनित मोरे कर्नाटकच्या रणजी संघापर्यंत पोहोचला. असे उदाहरण समोर असताना विशीतला मुलगा दुसऱ्या श्रेणीत एक वर्ष घालवायला तयार नसतो. सोडचिठ्ठी अडवून ठेवणारे क्लब आहेत, पण अडवलेला खेळाडू सरावाला येत नाही आणि टेनिस बॉलच्या बक्षिसी स्पर्धांत सापडतो. ज्या क्लबकडे सोळा वर्षांखालील मुलांचा स्वतःचा वर्ग आहे, ते मुलांना संघात घेऊन दोन-तीन हंगामांत पुन्हा वर चढू शकतात. ज्यांचा संघ बाहेरून जमवलेल्या खेळाडूंवर उभा असतो, ते बहुधा आणखी एक पायरी खाली जातात.