गाव बदललं, पण कधीपासून?

लहानपणी सुटलेल्या गावात बऱ्याच वर्षांनी उतरलेला माणूस आधी काय शोधतो? वेस, पार, चावडी, आणि ज्या विहिरीत पोहायला शिकला ती विहीर. वेस रस्तारुंदीत गेलेली असते, पाराला फरशी बसलेली असते, विहीर बुजलेली. मग ‘आता आमचं गाव राहिलं नाही’ हे वाक्य येतंच. त्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते. ती अशी, की आपण शाळेत होतो तोवर गाव पिढ्यान्‌पिढ्या होतं तसंच होतं, बदललं ते नंतर.

या समजुतीला बरीच जुनी साथ आहे. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलं, की राजघराणी येतात आणि जातात, गावं मात्र छोट्या प्रजासत्ताकांसारखी तशीच टिकून राहतात. त्याचा अनुभव उत्तर हिंदुस्थानातला, पण वाक्य देशभर चाललं. पुढे राष्ट्रवादी मंडळींनीही ते आनंदाने उचललं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचा तोच उतारा वाचून दाखवला आणि या कौतुकावर कडाडून टीका केली. संकुचितपणा आणि अज्ञान यांचं घर, असं त्यांचं गावाबद्दलचं मत होतं. गावाच्या गोड आठवणी कोणत्या आळीतून निघतात आणि कोणत्या वस्तीतून निघत नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

पुण्याच्या आसपासची दोन गावं मात्र अशी आहेत, की तिथे आठवणीवर विसंबावं लागत नाही.

पहिलं नगर रस्त्यावरचं लोणीकंद. पेशवाई बुडाल्यावर लगेच थॉमस कोट्स या डॉक्टराने या गावाची तपशीलवार पाहणी केली आणि ती १८२३ मध्ये छापली गेली. त्यात बलुतेदार आहेत, शेतं आहेत, कपडेलत्ते आहेत, आणि बहुतेक शेतकरी सावकाराच्या कर्जात आहेत. म्हणजे ज्या काळाला आपण ‘जुनं गाव’ म्हणू तो काळही काही निवांत नव्हता. होळकरांची पुण्यावरची स्वारी आणि पाठोपाठचा १८०३-०४ चा दुष्काळ यांना पाहणीच्या वेळी जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावाकडे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये वळले. तेव्हाचं आणि आताचं लोणीकंद शेजारी ठेवून लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९६० मध्ये आलं.

दुसरं पवनेच्या काठचं पिंपळे सौदागर. आज तिथे नुसते टॉवर दिसतात, पण १९१७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांचा या गावावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा ते शेतकऱ्यांचं गाव होतं. मॅन यांनी जुने कागद काढून जमिनीचा हिशेब मांडला. १७७१ मध्ये सरासरी खातं, म्हणजे एका खातेदाराची जमीन, ४० एकरांचं होतं, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १९१४-१५ मध्ये ७ एकर. कारण साधं होतं. भाऊ वेगळे झाले की एकाने हे शेत, दुसऱ्याने ते शेत घ्यायचं, असं होत नसे. काळी जमीन असो की मुरमाड, प्रत्येक तुकड्याची फाळणी व्हायची, म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. न्याय झाला, पण पट्टा इतका अरुंद उरला की औत वळवताना बैल शेजारच्याच्या बांधावर जायचे. एकशेतीन कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर नीट भागत होतं आठांचं. अठ्ठावीस कुटुंबांचं बाहेरच्या कमाईने भागायचं, उरलेली सदुसष्ट तोट्यात.

हा हिशेब कारखानदारी पसरण्याच्या आधीचा आहे, हे महत्त्वाचं. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली १९८२ मध्ये. शहराने गाव गिळलं असं आपण म्हणतो खरं, पण गावाचा जीव शेतीतून आधीच निघत चालला होता.

बाकीचं काम कायद्यांनी केलं. शेताचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. कुलकर्णी वतनं, म्हणजे गावाचे हिशेब ठेवण्याचे पिढीजात हक्क, १९५० च्या कायद्याने संपली. गावाची पडेल ती कामं पिढीजात करायला लावणाऱ्या महार वतनाविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं होतं, पण कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. चावडी ओस पडली त्याचं दुःख करणाऱ्याने ती कुणाच्या राबण्यावर चालायची तेही विचारावं. मग १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली माणसं पुढे मुंबई-पुण्याला गेली आणि त्यातली पुष्कळशी तिथेच राहिली. १९६१ मध्ये महाराष्ट्रातले २८ टक्के लोक शहरात होते, २०११ मध्ये ४५ टक्के.

तुकडेबंदी होऊनही मॅन यांनी मांडलेली गोष्ट काही थांबलेली नाही. कुठलाही सातबारा काढून बघा. एका गटावर सात-आठ नावं, बहिणींची, चुलत्यांची, एखादं वारलेल्या माणसाचं, वारसनोंद राहिलेली. त्यातल्या निम्म्यांचं गावात घरही उरलेलं नसतं. तरी एकाला जमीन विकायची झाली की सगळ्यांना बोलवावं लागतं. वीस वर्षांनी गावात उतरणारा माणूस पुष्कळदा सहीपुरताच आलेला असतो.