लहान आकडा म्हणजे आधी साका?

परीक्षेच्या तयारीत वर्षानुवर्षे फिरणारा एक समज: ज्या क्षाराचा विद्राव्यता गुणाकार (संतृप्त द्रावणातील त्याच्या आयनांच्या संहतींचा, म्हणजे लिटरमागील मोलांचा, गुणाकार) लहान, तो कमी विरघळतो आणि त्याचाच अवक्षेप (साका) आधी बनतो.

हे अर्धेच खरे आहे, आणि गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे. सिल्व्हर क्लोराइडचा गुणाकार १.८ × (१० चा उणे १० वा घात), सिल्व्हर क्रोमेटचा १.१ × (१० चा उणे १२ वा घात). क्रोमेटचा आकडा शंभरपटीहून लहान. पण तो येतो कसा, हे पाहा. क्लोराइडमध्ये एक सिल्व्हर आयन, म्हणून गुणाकार म्हणजे विद्राव्यतेचा वर्ग. क्रोमेटमध्ये दोन, म्हणून विद्राव्यतेच्या घनाची चौपट. वर्गमूळ आणि घनमूळ काढले की क्लोराइड लिटरला सुमारे ०.००००१३ मोल विरघळते, क्रोमेट सुमारे ०.००००६५. म्हणजे पाचपट जास्त! आकड्यांची थेट तुलना चालते ती फक्त आयनांचे प्रमाण सारखे असलेल्या क्षारांत.

ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रव सोडणारी मापनळी) असेल तर डोळ्यांनीच पडताळता येते. मिठाच्या पाण्यात थोडे पोटॅशियम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडा. थेंब पडतो तिथे क्षणभर सिल्व्हर क्रोमेटची लाल छटा उमटते, पण ढवळताच विरते. उरतो सिल्व्हर क्लोराइडचा दुधासारखा पांढरा साका. क्लोराइड जवळजवळ संपल्यावरच विटकरी रंग टिकतो.

अवक्षेप बनेल का हे ठरवायला नुसता हा स्थिरांक, म्हणजे विद्राव्यता गुणाकार, पुरत नाही. मिसळल्यानंतरची प्रत्येक आयनाची संहती घ्या (आकारमान वाढल्याने ती उतरते, हे हमखास विसरते), सूत्रातल्या घातांसह गुणा. उत्तर स्थिरांकाहून मोठे आले तरच साका.