कारेलियन लोक

उत्तर युरोपात लाडोगा सरोवरापासून श्वेत समुद्रापर्यंत पसरलेल्या जंगलांच्या आणि सरोवरांच्या पट्ट्यातील बाल्टिक-फिनिक (फिनिश, एस्टोनियन ज्या भाषागटात मोडतात त्या गटातील) समाज. या प्रदेशाचा मोठा भाग आज रशियाच्या कारेलिया प्रजासत्ताकात (राजधानी पेत्रोझावोद्स्क) मोडतो. फिनलंडच्या पूर्व भागातही स्वतःला कारेलियन म्हणवणारे लोक पुष्कळ आहेत. पण त्यांतले बहुतेक फिनिश बोलणारे आणि लुथरन पंथाचे आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः कारेलियन भाषा बोलणाऱ्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजाविषयी आहे. हे दोन समाज एकच समजल्याने बराच घोटाळा होतो.

समाज विभागला गेला तो राजकीय सीमांमुळे. पूर्वेचे नोव्हगोरोड हे रशियन नगरराज्य आणि पश्चिमेचे स्वीडन यांच्यात १३२३ मध्ये तह झाला आणि कारेलियाच्या मधून सरहद्द गेली. पूर्वेकडील कारेलियनांचा बाप्तिस्मा नोव्हगोरोडकरांनी त्याआधीच, १२२७ मध्ये घडवला होता. पश्चिमेकडचे आधी कॅथलिक व पुढे लुथरन झाले. १६१७ च्या स्टोल्बोव्हो तहाने लाडोगाचा पश्चिम किनारा स्वीडनकडे गेला, तेव्हा पंथ बदलण्याचा दबाव आणि करांचा बोजा यांना कंटाळून हजारो ऑर्थोडॉक्स कुटुंबे रशियात निघून गेली. मॉस्कोच्या वायव्येस त्व्हेर परिसरात ती स्थिरावली. चहूबाजूंनी रशियन वस्ती असूनही त्यांनी तीनशे वर्षांहून अधिक काळ आपली बोली टिकवली.

कारेलियन ही फिनिशची सर्वांत जवळची भाषा. कारेलियन प्रॉपर, लिव्वी आणि लूदी असे तिचे तीन मुख्य प्रकार मानतात. लूदीला काही अभ्यासक स्वतंत्र भाषा म्हणतात. नोव्हगोरोडच्या उत्खननात १९५७ मध्ये भूर्जपत्रावरचा एक मजकूर सापडला. तो तेराव्या शतकातला, सिरिलिक (रशियन) लिपीतला आणि विजेपासून रक्षण मागणारा मंत्र असल्याचे मानले जाते. बाल्टिक-फिनिक भाषांतला हा सर्वांत जुना ज्ञात मजकूर कारेलियनच्या पूर्वरूपाशी जोडला जातो. एवढा जुना पुरावा असूनही या भाषेला दीर्घकाळ लेखनपरंपरा मिळाली नाही. १८२० मध्ये त्व्हेर बोलीत मत्तयचे शुभवर्तमान छापले गेले, पण त्यातून सलग परंपरा उभी राहिली नाही.

तोंडी परंपरा मात्र अफाट होती. श्वेत समुद्राकडील व्हिएना कारेलियात रस्ते नव्हते आणि जुन्या गाण्यांवर लुथरन पाद्र्यांइतकी करडी नजर ठेवणारे कोणी नव्हते, त्यामुळे फिनलंडमध्ये विरलेली रूनो-गीते तिथल्या गावांत जिवंत राहिली. आठ अक्षरांच्या ओळी, अनुप्रास आणि एकाच आशयाची दुसऱ्या शब्दांत पुनरुक्ती ही त्यांची घडण. साथीला कांतेले हे तंतुवाद्य असे. कायानी गावचे डॉक्टर एलियास ल्योनरोट १८३४ मध्ये लात्वायार्वी गावी आर्हिप्पा पेर्त्तुनेन या वृद्ध गायकाकडे गेले आणि त्यांच्याकडून चार हजारांहून अधिक ओळी लिहून घेतल्या. अशा संग्रहांतून ल्योनरोटांनी रचलेले ‘कालेवाला’ १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले. १८४९ च्या विस्तृत आवृत्तीत ५० गीते आणि २२,७९५ ओळी आहेत. हे महाकाव्य फिनलंडच्या राष्ट्रीय अस्मितेचा पाया ठरले. ज्यांच्या मुखातून ती गीते आली, त्यांची भाषा मात्र फिनिशची एक बोली म्हणूनच दीर्घकाळ मोजली गेली. कारेलियनांच्या सांस्कृतिक इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच.

स्त्रियांचे विलापगीत हा तितकाच समृद्ध प्रकार. मृत्यू, लेकीची पाठवणी, मुलाची सैन्यात रवानगी अशा ताटातुटीच्या प्रसंगी ते म्हटले जाई. त्यात आप्तांची नावे थेट घेत नसत. आईला ‘मला पोटात वाहणारी’ असे वळणाने संबोधत. ऑर्थोडॉक्स श्रद्धा आणि पूर्वजांविषयीच्या जुन्या समजुती या गीतांत एकजीव झालेल्या आढळतात. जेवणात राई, बार्ली आणि सरोवरातले मासे प्रमुख. राईच्या पातळ पारीत लापशी किंवा बटाटा भरून, कडा चिमटून भाजलेली ‘कलितका’ ही त्यांची ओळख बनली आहे.

विसाव्या शतकाने या समाजाला जबर तडाखे दिले. १९२० मध्ये कारेलियन श्रमिक कम्यून स्थापन झाली आणि १९२३ मध्ये तिचे स्वायत्त प्रजासत्ताक झाले. त्याचे नेतृत्व फिनलंडहून आलेल्या साम्यवाद्यांकडे होते. एडव्हार्ड ग्युलिंग हे त्यांतले प्रमुख. त्यांनी कारेलियनांसाठी लिखित भाषा म्हणून फिनिशच निवडली. त्व्हेरमध्ये मात्र १९३० च्या दशकात लॅटिन लिपीतून कारेलियन पुस्तके निघाली. १९३७ मध्ये फिनिशवर बंदी आली आणि सिरिलिक लिपीतील एकसंध कारेलियन घाईघाईने लादली गेली. १९४० मध्ये तीही गुंडाळून फिनिश परत आणली. तीन वर्षांत दोनदा शाळेची भाषा बदलली, तर पालकांचा विश्वास कसा राहणार? याच काळात स्टालिनच्या दडपशाहीत अनेक कारेलियन मारले गेले; संदारमोखच्या जंगलातील सामूहिक कबरी १९९७ मध्ये उघडकीस आल्या. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा फिनलंडकडचा पश्चिम भाग सोव्हिएत संघाकडे गेल्यावर चार लाखांहून अधिक लोक फिनलंडमध्ये स्थलांतरित झाले. पुढे ‘भवितव्य नसलेली’ ठरवून लहान गावे रिकामी करण्यात आली, आणि घरात भाषा बोलणारी पिढी शहरांत विखुरली.

१९२६ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात सुमारे २,४८,००० कारेलियन होते. २०२१ मध्ये रशियात सुमारे ३२,००० उरले. रशियन कायद्यानुसार प्रजासत्ताकांच्या राज्यभाषा सिरिलिकमध्येच लिहाव्या लागतात, तर आजची कारेलियन लॅटिनमध्ये लिहितात. कारेलियनांच्या नावाच्या या प्रजासत्ताकात त्यांच्या भाषेला राज्यभाषेचा दर्जा नाही.

तरीही काम थांबलेले नाही. लिव्वीत लिहिणारे कवी व्लादिमीर ब्रेंदोयेव यांचा संग्रह १९८० मध्ये आला. १९९० पासून ‘ओमा मुआ’ हे वृत्तपत्र निघते, तर फिनलंडने २००९ मध्ये कारेलियनला अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यता दिली. वेदलोझेरो गावात स्थानिक लोकांनी ‘कारेलियन भाषेचे घर’ उभारले असून तिथे मुलांना ही भाषा शिकवली जाते.