समुद्रकड्यावरचे पॅराग्लायडिंग

समुद्रावरून येणारा वारा किनाऱ्यावरच्या उभ्या कड्याला अडतो आणि पुढे जायला वाट नसल्याने वर चढतो. या वर चढणाऱ्या हवेच्या पट्ट्यात राहून, इंजिनाशिवाय, कड्याच्या कडेने तासन्‌तास पॅराग्लायडर उडवण्याचा हा हवाई क्रीडाप्रकार आहे. वैमानिक त्याला 'रिज सोअरिंग' किंवा 'कोस्टल सोअरिंग' म्हणतात. डोंगरातल्या उड्डाणात ऊन तापण्याची आणि गरम हवेचे बुडबुडे सुटण्याची वाट पाहावी लागते. कड्यावर नुसता वारा पुरतो. म्हणून परदेशी फिरायला गेलेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच उडणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हाच प्रकार येतो, तोही प्रशिक्षकासोबतच्या टँडेम उड्डाणात.

हा प्रकार सगळ्यांत सोपा समजला जातो. हवा मऊ असते हे खरेच, पण उंची कमी, खाली पाणी आणि मागे कडा असल्याने चूक सावरायला वेळ थोडा मिळतो. वारा योग्य असेल तर हे उड्डाण फार सुखाचे होते. तो थोडा जरी बदलला तरी हीच जागा अडचणीची ठरते.

हवा वर का चढते

मोकळ्या समुद्रावर झाडे, घरे, टेकड्या नसतात. त्यामुळे किनाऱ्यावर पोचणारा वारा एकसारखा असतो, त्यात झटके फारसे नसतात. तो कड्याला साधारण काटकोनात लागला तर कड्यासमोर आणि माथ्याच्या वर उचल देणारा पट्टा तयार होतो. नेहमीचा पॅराग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला एक मीटरच्या थोडे वर इतक्या वेगाने खाली येत असतो. हवा त्याहून जास्त वेगाने वर चढत असेल तर तो तरंगत राहतो. त्याचा पुढे जाण्याचा नेहमीचा वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटर असतो. म्हणून ताशी २० ते २८ किलोमीटरचा वारा सोयीचा ठरतो. त्याहून कमी वाऱ्यात ग्लायडर हळूहळू वाळूवर उतरतो आणि वारा फार वाढला तर तो जागच्या जागी थांबतो. वारा तिरका, काटकोनापासून तीसेक अंशांपेक्षा जास्त कलला की उचल झपाट्याने घटते आणि कड्याच्या प्रत्येक कोपऱ्यामागे घुसळण सुरू होते.

वारा मोजायला हातातले यंत्र असले तरी अनुभवी माणूस आधी पाण्याकडे पाहतो. लाटांच्या माथ्यावर फेस तुरळक दिसतो तोवर वारा बेताचा असतो. फेस जागोजागी दिसू लागला की तो विशीच्या पुढे गेलेला असतो, आणि सगळा समुद्रच पांढरा दिसायला लागला तर ग्लायडर पिशवीतच ठेवावा. दूर पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसला तर तो वाऱ्याचा जोर आहे आणि काही मिनिटांत कड्यावर पोचणार आहे, हे ओळखता आले पाहिजे.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हे चक्र रोजचे असते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा कड्यावरून उडणे शक्यच नसते, कारण हवा कड्यावरून खाली ओतत असते. जमीन तापली की खारे वारे सुरू होतात, दुपारनंतर जोर धरतात आणि बहुधा वायव्येकडून येतात. सूर्य कलला की ते मंदावतात. उडण्याचा काळ म्हणजे हीच दुपार.

उड्डाणाची रीत

कड्यावर धावत जाऊन झेप घेण्याचे चित्र खोटे आहे. वारा पुरेसा असताना वैमानिक समुद्राकडे पाठ करून उभा राहतो, जमिनीवर पसरलेला ग्लायडर दोऱ्यांनी उचलून डोक्यावर आणतो, तो स्थिर झाल्याचे पाहतो, मग वळतो आणि दोन-तीन पावलांत जमीन सुटते. याला रिव्हर्स लाँच म्हणतात. ग्लायडर वर येताना वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते. ती झेलता आली नाही तर माणूस मागे फरफटत जातो. म्हणून किनाऱ्यावर उडणारे लोक वाळूत नुसता ग्लायडर हाताळण्याचा सराव, म्हणजे ग्राउंड हँडलिंग, तासन्‌तास करतात. कड्यावरच्या कौशल्याचा निम्मा भाग तिथेच तयार होतो, असे म्हणायला हरकत नाही.

हवेत गेल्यावर कड्याला समांतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि परतायचे. प्रत्येक वळण समुद्राच्या बाजूला घ्यायचे, कड्याकडे कधीच नाही, कारण कड्याकडे वळताना वारा पाठीशी येतो आणि जमिनीच्या हिशेबाने वेग एकदम वाढतो. समोरासमोर दोन ग्लायडर आले तर ज्याच्या उजव्या हाताला कडा आहे त्याचा हक्क पहिला. कडा डावीकडे असलेल्याने उजवीकडे, समुद्राच्या बाजूला सरायचे. हा नियम जगभर चालतो. ओलांडून पुढे जाण्याचे नियम मात्र ठिकाणागणिक वेगळे आहेत, ते उडण्यापूर्वी विचारून घ्यावेत. उतरणे दोन प्रकारचे: खाली वाळूवर किंवा परत माथ्यावर. माथ्यावरच्या उतरण्याला टॉप लँडिंग म्हणतात. ते दिसायला सोपे असले तरी काठाच्या फार मागे गेले की उतरत्या, घुसळलेल्या हवेत सापडण्याची भीती असते.

पूर्वपीठिका

माणसाच्या उडण्याच्या खटपटीत समुद्रकिनारा वारंवार येतो. लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १२ नोव्हेंबर १८९४ रोजी ऑस्ट्रेलियातल्या स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर पेटीच्या आकाराचे पतंग एकाखाली एक बांधून स्वतःला १६ फूट उचलून घेतले. तिथल्या बाल्ड हिलवरून आज पॅराग्लायडर उडतात. ऑर्व्हिल राइट यांनी ऑक्टोबर १९११ मध्ये अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सच्या किनारी वाळूटेकड्यांवर इंजिन नसलेल्या ग्लायडरमध्ये ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहून दाखवले. टेकडीच्या वाऱ्यावर तरंगण्याचा तो विक्रम दहाएक वर्षे टिकला. १९३० मध्ये अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग ग्लायडरमधून कॅलिफोर्नियातल्या माउंट सोलेडॅडवरून निघून समुद्रकड्यांच्या कडेने डेल मारपर्यंत गेले. त्या वाटेवरच्या टॉरी पाइन्सच्या कड्यांवरून आजही उड्डाणे होतात. कापडी पंख वापरून डोंगरउतारावरून उडण्याची सुरुवात मात्र बरीच नंतरची, १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावची मानली जाते. डोंगरातला हा नवा खेळ किनाऱ्यावर पोचला तेव्हा कड्यावरच्या वाऱ्याचे ज्ञान तिथे आधीच तयार होते.

काही ठिकाणे

पेरूची राजधानी लिमा हे या प्रकाराचे सर्वांत शहरी उदाहरण आहे. मिराफ्लोरेस भागात शहर थेट कड्याच्या काठावर येऊन संपते. हे कडे ७०-८० मीटर उंच आहेत, पण खडकाचे नाहीत. रिमाक नदीने कधीकाळी वाहून आणलेल्या गोट्यांचे आणि मातीचे ते थर आहेत. समोरच्या प्रशांत महासागरात हम्बोल्ट प्रवाहाचे थंड पाणी आहे. त्यामुळे किनाऱ्याची हवा खालून थंड राहते, तापून वर उसळत नाही. म्हणूनच तिथला वारा इतका शांत आणि एकसारखा असतो. हिवाळ्यात आकाश आठवडेच्या आठवडे करडे असते, तरी वारा आला की उड्डाणे चालतात. टेक-ऑफ एका बागेतल्या हिरवळीवर आहे आणि उतरणेही तिथेच. प्रवाशाला पार्के देल आमोर बाग आणि कड्यात कोरून बसवलेले लार्कोमार हे दुकानांचे संकुल वरून दिसते. खाली कडा आणि समुद्र यांच्यामध्ये वाहता महामार्ग आहे. या फेरीतली नाजूक जागा म्हणजे कड्याला पडलेली बाल्टाची घळ. घळीत वारा आत शिरून पसरतो, वर चढत नाही, त्यामुळे उचल तुटते. म्हणून वैमानिक अलीकडच्या कड्यावर दोन-चार फेऱ्या मारून पुरेशी उंची मिळवतो आणि मगच घळ ओलांडतो. टँडेममध्ये बसलेल्या प्रवाशाला वाटते की तो उगाच घुटमळतो आहे. प्रत्यक्षात तो पलीकडे पोचण्यापुरती उंची साठवत असतो.

टॉरी पाइन्सचे कडे सुमारे १०० मीटर उंच आहेत. तिथे पॅराग्लायडर, हँग ग्लायडर आणि रेडिओने चालणारी मॉडेल विमाने एकाच हवेत असतात. एकट्याने उडायला पी-३ (मधल्या पातळीच्या वैमानिकाची अमेरिकी पात्रता) किंवा त्या तोडीची पात्रता लागते. फ्रान्समधली पिलाची वाळूटेकडी युरोपात सर्वांत उंच, शंभर मीटरच्या आसपासची. वाळूत पडून शिकण्यासाठी ती नावाजलेली आहे. इंडोनेशियातल्या बालीत, दक्षिण टोकाच्या तिंबिसच्या कड्यांवर, आपल्याकडे पावसाळ्यामुळे सगळे बंद असते त्याच महिन्यांत आग्नेयेचे कोरडे वारे वाहतात आणि हंगाम भरात असतो.

भारतात केरळमधली वर्कला ही कड्याची ठळक जागा. जांभा आणि वालुकाश्म यांचा तो कडा भूवैज्ञानिक वारसा म्हणून ओळखला जातो. माथ्यावर मात्र हॉटेले, माड आणि वर्दळ आहे. मार्च २०२३ मध्ये तिथल्या पापनाशम किनाऱ्यावर एक टँडेम ग्लायडर दिव्याच्या उंच खांबाला अडकला. प्रशिक्षक आणि प्रवासी दोघेही वर लटकत होते, शेवटी त्यांची सुटका झाली. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या हरमल आणि केरी यांच्यामधला डोंगराचा सुळका उड्डाणासाठी वापरला जातो. उत्तरेला तेरेखोल नदीचे मुख आणि त्यापलीकडे महाराष्ट्राचा किनारा दिसतो. १८ जानेवारी २०२५ रोजी केरीच्या पठारावरून उडालेल्या टँडेममधली पुण्याची एक तरुणी आणि तिचा प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. हा व्यवसाय विनापरवाना चालत असल्याचा आरोप होऊन गुन्हा दाखल झाला. या नोंदीत हा प्रसंग मुद्दाम घेतला आहे, कारण सुट्टीत गोव्याला जाणारे बहुसंख्य मराठी पर्यटक परवान्याची चौकशी करतच नाहीत, आणि केली तर कोणी वाईट मानत नाही.

धोके

माथ्याच्या अगदी वर हवा दाबली जाऊन वेगाने निघते. समुद्रावर ताशी २५ किलोमीटर असलेला वारा तिथे त्याहून बराच जास्त असू शकतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वारा २० वरून ३० झाला तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. अशा वेळी मागे ढकलला गेलेला ग्लायडर काठामागच्या भोवऱ्यात, म्हणजे रोटरमध्ये पडतो. कडा जितका उभा आणि काठ जितका धारदार, तितका हा भोवरा काठाजवळ असतो. उपाय एकच: पाय लावून वेग वाढवणारा स्पीडबार आधीच जोडलेला असावा आणि मागे सरकतोय असे वाटताच, उंचीचा मोह सोडून, समुद्राकडे बाहेर निघावे. राखीव पॅराशूट जवळ असावेच, पण कड्याच्या उंचीवर ते उघडून भरायला वेळ मिळेलच असे नाही.

पाण्यात पडणे हा किनाऱ्यावरचा सर्वांत कमी लेखला जाणारा धोका. कापड मऊ, पाणी मऊ, मग भीती कसली, असे वाटते. पण ग्लायडरच्या कप्प्यांत पाणी भरते, लाट त्याला ओढते आणि दोऱ्या पायांत गुंततात. त्यातून हार्नेसच्या, म्हणजे पट्ट्यांनी बांधलेल्या आसनाच्या, पाठीतला फोम किंवा हवेची पिशवी तरंगते आणि माणसाचे तोंड पाण्याखाली दाबते. पोहता येणारी माणसेही अशी बुडाली आहेत. म्हणून पाण्यात पडणार हे नक्की होताच खाली पोचण्याआधीच बकल सोडायची तयारी करावी लागते, दोऱ्या कापायला हुकाची सुरी हाताशी ठेवावी लागते आणि फुटत्या लाटांपासून दूर राहावे लागते.

तिसरी गोष्ट भरती. ओहोटीला रुंद दिसणारी वाळू भरतीला कड्याच्या पायथ्यापर्यंत बुडते आणि उतरायला जागाच राहत नाही. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ कळते, हा कोळ्यांचा हिशेब इथे फार उपयोगी आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास भरते, म्हणजे खाऱ्या वाऱ्याची उत्तम वेळ आणि चढते पाणी एकत्र येतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे असले तरी ते दुपारी बाराच्या आसपास भरून जाते, आणि संध्याकाळी पुळण भरपूर मोकळी मिळते. तिथी पाहूनच टेक-ऑफची वेळ ठरवावी. जागा पाहायला गेल्यावरही आधी खाली, उतरायचे कुठे ते पाहावे आणि मग वर.

प्रवाशासाठी

परवानाधारक वैमानिक प्रवासात ग्लायडर सोबत नेतो. त्याने आयपीपीआय कार्ड, म्हणजे पात्रतेची पातळी दाखवणारे आंतरराष्ट्रीय कार्ड, आणि त्या देशात चालणारा विमा जवळ ठेवावा आणि पहिल्या दिवशी स्थानिकांसोबतच उडावे. पुणे आणि मुंबईचे बरेच वैमानिक कामशेतला, शेलार किंवा टॉवर हिलवर शिकलेले असतात. तिथली गवताळ टेकडी पडल्या-झडल्याला सांभाळून घेते, उभा कडा घेत नाही. किनाऱ्यावर उडून आल्यावर ग्लायडर झटकणे आवश्यक आहे. पंखाच्या मागच्या कडेत वाळू साठते, तिच्या वजनाने पुढच्या उड्डाणात ग्लायडर मागे लोंबतो आणि वाळूने कापड घासले जाते. खाऱ्या पाण्यात भिजला असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा.

टँडेम घेणाऱ्याने वैमानिकाचा परवाना, टँडेमची स्वतंत्र पात्रता आणि विमा याबद्दल स्पष्ट विचारावे. महाराष्ट्रात साहसी पर्यटनाच्या २०२१ च्या धोरणानुसार अशा व्यवसायाची नोंदणी लागते, तेव्हा नोंदणी दाखवा म्हणण्यात संकोच नको. पट्टे बांधून झाल्यावर मांडीचे दोन्ही पट्टे स्वतः हात लावून पाहावेत. ते सुटे राहिले तर जमीन सुटताच माणूस हार्नेसमधून घसरतो. टेक-ऑफला दोन-तीन पावलेच टाकायची असतात, पण ती थांबू न देता टाकायची, आणि वैमानिकाने सांगेपर्यंत बसायचे नाही. आज वारा बरोबर नाही म्हणून वैमानिकाने उड्डाण रद्द केले तर पैसे परत घ्यावेत आणि त्याचा नंबर जपून ठेवावा. पुढच्या वेळी उडायचे ते त्याच माणसासोबत.