विद्यापीठ विभागांतले घटते प्रवेश आणि रिकामी पदे: पार्श्वभूमी

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या आवारातील पदव्युत्तर विभागांबद्दल सध्या जो तो एकच विचारतो: विद्यार्थी येत नाहीत, मग खर्च कशासाठी? मार्चमध्ये अधिसभेपुढे (सिनेटपुढे) अर्थसंकल्प आला की हा विषय हमखास निघतो. विभागवार तक्ता मांडला जातो. प्रवेशक्षमता किती, प्रत्यक्ष प्रवेश किती आणि पगारावर खर्च किती, हे त्यात असते. आधी विद्यार्थी कमी झाले की आधी शिक्षक, एवढे मात्र त्या तक्त्यातून कळत नाही. माझ्या मते या प्रश्नात तो क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो समजून घ्यायचा तर पदांचा इतिहास पाहावा लागतो.

अगदी जुना भाग थोडक्यात. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले ते परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवणे महाविद्यालयांकडे होते. 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी केली आणि 1919 मध्ये मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे पुणे, मराठवाडा, कोल्हापूर इथे विद्यापीठे झाली तेव्हा आवारातले विभाग गृहीतच होते. तरी कमाई आणि खर्चाची जुनी घडी तशीच राहिली. संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क महाविद्यालयांकडून येणार, विभाग मात्र खर्चाच्या रकान्यात राहणार. विभागांना ‘तोट्यातले’ म्हणण्याची सवय तिथून लागली.

खरी गुंतागुंत पंचवार्षिक योजनांच्या काळातली आहे.

नवा विषय सुरू करायचा किंवा जुना वाढवायचा तर विभागाने प्रस्ताव करायचा, विद्यापीठाने तो दिल्लीला, विद्यापीठ अनुदान आयोगाकडे पाठवायचा. तिथून समिती येई. ग्रंथालय, प्रयोगशाळा, विद्यार्थीसंख्या, झालेले संशोधन पाही आणि योजनाकाळापुरती पदे मंजूर होत. एक प्राध्यापक, दोन प्रपाठक (आताचे सहयोगी प्राध्यापक) आणि चार अधिव्याख्याते (आताचे सहायक प्राध्यापक) हा पूर्ण विभागाचा नमुना मानला जाई. या पदांचा पगार योजना संपेपर्यंत केंद्राकडून येणार आणि त्यानंतरचे दायित्व राज्याने उचलायचे, अशी अट असे. त्यासाठी राज्याकडून हमीपत्र घेतले जाई.

पुढचा सगळा वाद या हमीपत्राभोवती फिरतो. हमी उच्च शिक्षण खात्याची आणि पैसा वित्त खात्याचा. योजना संपली की विद्यापीठ दायित्व स्वीकारण्याचा प्रस्ताव मंत्रालयात पाठवी. तिथून त्रुटी निघत, विद्यार्थीसंख्येची नवी आकडेवारी मागवली जाई, कार्यभाराचा, म्हणजे शिकवण्याच्या तासांचा, तक्ता पुन्हा भरून घेतला जाई. तोवर माणूस रुजू होऊन शिकवत असे. त्याचा पगार थांबवता येत नाही म्हणून विद्यापीठ तो आपल्या सर्वसाधारण निधीतून देत असे. पुढे मान्यता मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर ते पद विद्यापीठाच्या निधीवर कायमचा बोजा होऊन बसे, आणि त्या पदावरचा शिक्षक निवृत्त झाला की ते पुन्हा भरायला कोणी धजावत नसे. कागदावर पद जिवंत, वर्गात माणूस नाही. असे विभाग कमी नाहीत.

वेतन आयोगांनी यात भर घातली. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी केंद्राने वाढीव बोजाचा 80 टक्के वाटा उचलला, पण तो 1 जानेवारी 2006 ते 31 मार्च 2010 एवढ्याच काळासाठी. सातव्याच्या वेळी वाटा 50 टक्क्यांवर आला आणि मुदत 31 मार्च 2019 ला संपली. दोन्ही वेळा नंतरचा सगळा भार राज्यावर पडला. त्यामुळे नवे पद म्हटले की वित्त खाते हात आखडता का घेते, हे कळते. कळते, पण पटत नाही. कारण त्याच वर्षांत नव्या अभ्यासक्रमांना परवानग्या थांबल्या नव्हत्या.

मग आले 2017. बारावी पंचवार्षिक योजना 31 मार्चला संपली आणि तेरावी आलीच नाही, कारण योजना आयोग आधीच बरखास्त झाला होता. योजनांतर्गत (योजनेतल्या कामांचा) आणि योजनेतर (नेहमीचा) खर्च हा भेदही केंद्रीय अर्थसंकल्पातून त्याच वर्षी गेला. हिशेबाच्या दृष्टीने ते कदाचित योग्य असेल. पण ज्या विभागांची उभारणीच त्या भेदावर झाली होती त्यांना विचारायला दार उरले नाही. स्त्री अभ्यास केंद्रांसारखी केंद्रे मुदतवाढीच्या पत्रावर दिवस काढू लागली. त्याच वर्षी राज्याने पदभरतीवर निर्बंध घातले. पुढे काही प्रमाणात ते सैल झाले, तोच करोनाकाळात, 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने, पुन्हा आवळले गेले.

मधल्या काळात आरक्षणाची बिंदुनामावली (कितवे पद कोणत्या प्रवर्गाला, हे ठरवणारा क्रम) विभागवार लावायची की संपूर्ण विद्यापीठ एकक धरायचे, हा वादही होऊन गेला. विभाग एकक धरला तर तीन पदांच्या विभागात एकही पद राखीव होत नाही. केंद्राच्या 13 बिंदूंच्या पद्धतीत चौथे पद इतर मागासवर्गाला आणि सातवे अनुसूचित जातीला जाते. मार्च 2018 मध्ये विभागवार पद्धतीचा आदेश निघाला, देशभर विरोध झाला आणि 2019 मध्ये आधी अध्यादेश, मग कायदा करून केंद्रीय संस्थांपुरते विद्यापीठ हेच एकक ठरले. निर्णय न्याय्यच होता, पण दरम्यान देशभरातल्या जाहिराती अडकून पडल्या.

आता प्रवेशांकडे येऊ. पीएचडीचे गणित सर्वांत स्पष्ट आहे. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक विद्यार्थी असू शकतात. सात पदांच्या पूर्ण विभागात 8, 12 आणि 16 मिळून 36 जागा होतात. वरची तिन्ही पदे रिकामी आणि सहायक प्राध्यापक दोनच उरले, तर जागा 8. शिवाय 2022 च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे पद रिकामे होण्याच्या तीन वर्षे आधीच त्याच्याकडचे प्रवेश बंद होतात. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मोबदला घेणारे, आणि कंत्राटी शिक्षक मार्गदर्शक होऊ शकत नाहीत. अशा विभागातली संशोधकांची संख्या घटली म्हणून पुढची पदे नाकारायची, याला नियोजन म्हणता येत नाही.

एमए, एमएस्सीच्या वर्गांचे असे सरळ गणित मांडता येत नाही. तिथे महाविद्यालयांतून वाढलेली पदव्युत्तर केंद्रे, घराजवळ मिळणारा प्रवेश, वसतिगृहाची टंचाई आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांकडचा ओढा ही कारणेही आहेत, आणि ती खरी आहेत. पण विशेष विषयांचे पर्याय शिकवायला माणूसच नसेल, तर चार पर्यायांचा विभाग एका पर्यायावर येतो आणि मग विद्यार्थ्याला शंभर किलोमीटर लांब येण्याचे कारण उरत नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक ही पोकळी आपल्या परीने भरतात. केंद्राने जानेवारी 2019 मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासिकेला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 असा दर सुचवला; राज्यात प्रत्यक्ष मिळणारा मोबदला त्याहून कमी राहिला, आणि तोही महिनोन्‌महिने लांबतो. शैक्षणिक वर्ष सुरू होऊन दीड-दोन महिने उलटल्यावर नेमणूकपत्र हातात पडते, हे आता कोणाला नवल वाटत नाही.

विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशाची बाजूही आक्रसली. नवी विद्यापीठे वेगळी झाली तशी जुन्यांची महाविद्यालये गेली आणि त्यांचे शुल्कही: जळगाव 1990, नांदेड 1994, सोलापूर 2004, गडचिरोली 2011. महाविद्यालये स्वायत्त होऊ लागल्यावर परीक्षा शुल्कही हातचे जाऊ लागले. स्वतःचे उत्पन्न वाढवण्याचा सल्ला तसा जुनाच आहे. 1992-93 मध्ये एका केंद्रीय समितीने आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या नेहमीच्या, खर्चाच्या 15 टक्के आणि दहा वर्षांनी 25 टक्के रक्कम संस्थांनी स्वतः उभी करावी, अशी शिफारस केली होती. त्यातून स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारे, अभ्यासक्रम आले. संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन तरले. पाली, भाषाविज्ञान, भूगोल या विषयांना तो मार्ग कधीच झेपणारा नव्हता.

यात वेळापत्रकाची अडचण वेगळीच. विभागप्रमुखाकडून पुढच्या वर्षाची मागणी हिवाळ्यात घेतली जाते, अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो आणि प्रवेश जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात. म्हणजे मागणी नेहमी मागच्या तुकडीच्या आकड्यावर बेतलेली. एक वर्ष प्रवेश कमी झाले की पुढच्या वर्षीच्या रसायनांची, क्षेत्रभेटींची, नियतकालिकांची तरतूद कापली जाते आणि नव्या तुकडीला ते अपुरेपण भोगावे लागते.

2023-24 पासून पदव्युत्तर वर्गांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे असेल, आणि चौथे वर्ष महाविद्यालयातच करणारे विद्यार्थी विभागांत येतील की नाही, आले तर किती, याचा अंदाज बांधून पदे आणि निधी मागण्याचे काम आता विभागांसमोर आहे. श्रेयांक वाढले, प्रकल्प आणि प्रशिक्षणाचे तास वाढले, त्यांवर देखरेख करणारे शिक्षक हवेत. मंजूर पदांचा आकडा मात्र जुन्या अभ्यासक्रमाच्या कार्यभारावर काढलेलाच वापरला जातो आहे.