दगडाचं वय कार्बन डेटिंगने निघत नाही

‘कार्बन डेटिंग केलं, दगडी मूर्ती ९,००० वर्षं जुनी निघाली’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. ही पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंनाच लागू पडते: कोळसा, हाड, धान्य. जीव गेला की त्यातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, घटू लागतो, सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा; किती उरला, यावरून वय काढतात. दगड मुळात जिवंत नव्हताच. आणि खडकाचं वय कळलं तरी तो कोरला कधी, हे कळत नाही. म्हणून मूर्तीखालच्या मातीच्या थरातला कोळसा तपासतात. तिथेही गोची आहेच: जुनी तुळई जाळली असेल, तर तारीख मागे सरकते. इतिहास आणि पुरातत्त्व सोबत शिकताना म्हणूनच शिलालेखाची लिपी, घडणीची शैली आणि थर एकमेकांशी ताडून बघायला लावतात. पुढच्या वेळी एवढंच विचारा: नमुना कशाचा, कुठल्या थरातला, आणि अधिक-उणे किती वर्षं?